काझीरंग्यात गेंडे २६१३ झाले, म्हणजे गेंडा वाचला का?

रानवाट | १४ मार्च

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात आसामातल्या काझीरंगा अभयारण्याला जाऊन आले. प्रवासवर्णन सवडीने लिहीन, फोटोही टाकीन. आज एका प्रश्नासाठी धागा काढतेय. परत आल्यापासून तो डोक्यातून जात नाही.

काझीरंग्याच्या बागोरी भागात सकाळी सात वाजता आमची जिप्सी थांबली. रस्त्यापासून पंधरा-वीस पावलांवर मादी आणि तिचं पिल्लू. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, त्यामुळे दिसण्याआधी ऐकू आलं. ओलं गवत मुळापाशी तुटतं ना, तसा आवाज, आणि मग सावकाश दळल्यासारखं चावणं. वरच्या ओठाने ती गवताची जुडी बोटांनी धरावी तशी धरत होती. पाठीवर दोन साळुंक्या. पिल्लू मधेच आईच्या पोटाखालून पलीकडे जायचं आणि परत यायचं. जिप्सीत आम्ही पाच जण होतो. दहा मिनिटं कुणी चकार शब्द काढला नाही.

त्या दिवशी आम्ही छत्तीस गेंडे मोजले. छत्तीस! एका सकाळी! मी आमच्या वाटाड्याला म्हटलं, "आता काही काळजी नाही, गेंडा वाचला." तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "दीदी, गिनती अच्छी है. पानी आने दो, फिर पूछिए."

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे गेंडा दिसणं मुश्कील होतं. १९०५ मध्ये राखीव जंगलाचा प्रस्ताव झाला, १९०८ मध्ये ते राखीव झालं. तेव्हा मूठभर उरले होते. २०२२ च्या गणनेत २६१३ भरले. जगभरात एकशिंगी गेंडे आहेत चार हजारांच्या आसपास. म्हणजे तिनातले जवळपास दोन एकट्या काझीरंग्यात.

ह्याला यश म्हणायचं की धोका? तुमचं मत सांगा. जाऊन आलेल्यांनी तर सांगाच.

---

सदाफुली | १४ मार्च

आधी फोटो टाक. मग चर्चा. :)

---

बंड्या_नागपूरकर | १४ मार्च

छत्तीस गेंडे? आम्ही पेंचला तीन दिवसांत एक वाघाचं शेपूट पाहिलं आणि त्यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे की ते शेपूटच होतं की फांदी.

---

हिशेबनीस | १४ मार्च

छान धागा. थोडं आकड्यांचं.

२०१८ ची गणना २४१३, २०२२ ची २६१३. चार वर्षांत बरोबर दोनशे वाढले. वर्षाला साधारण दोन टक्के. हा वेग काही फार नाही. मादी सुमारे सोळा महिने गाभण असते, एका वेळी एकच पिल्लू, आणि पुढचं व्हायला बहुतेक तीनेक वर्षं जातात. २०२२ च्या मोजणीत एक वर्षाच्या आतली पिल्लं १४६ होती. शिकारीत एक व्यायलेली मादी गेली की ती भरून यायला किती काळ लागेल ते ह्यावरून कळेल. पोटावरचं पिल्लू बहुतेक तिच्यामागे जातंच.

माझं मत: वाढतायत, पण ठेव एकाच बँकेत आहे.

---

दगडविटा | १५ मार्च

ह्या प्राण्याचं मूळ घर फार मोठं होतं हे विसरू नका. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा, तिन्ही नद्यांच्या गाळाच्या प्रदेशात तो होता. मोहेंजोदडोच्या मुद्रांवर गेंडा आहे, आणि तो कातडीच्या घड्यांसकट कोरलाय. पाहिल्याशिवाय असं कोरता येत नाही. बाबराने सिंधूच्या बाजूला गेंड्याची शिकार केल्याचं त्याच्या आठवणींत आहे, म्हणजे सोळाव्या शतकातही तो तिकडे होता. आज तिथे एकही नाही.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर दायमाबाद. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात. १९७४ मध्ये तिथे धातूच्या चार भरीव वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, रेडा आणि गेंडा. गेंडा चाकांवर उभा आहे. कुणी ओतला, इथेच ओतला की उत्तरेतून आणला, ह्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या माणसांच्या घरात गेंड्याची आकृती होती, इतकं तर आहेच. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा काचेपुढून हलवेना. कानांची ठेवण अगदी जिवंत.

---

मांडवीकाठ | १५ मार्च

दगडविटा, आता गोव्याची गोष्ट ऐका.

१५१४ मध्ये गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कला एक जिवंत गेंडा भेट दिला. तो गोव्यात आला. अल्बुकर्कने तो पोर्तुगालचा राजा मानुएलकडे पाठवायचं ठरवलं. १५१५ च्या जानेवारीत जहाज निघालं आणि मे महिन्यात गेंडा लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा म्हणतात. पोर्तुगीज त्याला 'गांडा' म्हणायचे. आपलाच 'गेंडा', दुसरं काय!

पुढे राजाने तो पोपला भेट म्हणून रोमला धाडला. वाटेत इटलीच्या किनाऱ्यापाशी वादळात जहाज बुडालं. गेंडा चांगला पोहतो. पण त्याला डेकवर साखळदंडाने बांधलं होतं.

जर्मन चित्रकार ड्यूररने तो न पाहता, एका पत्रावरून आणि रेखाटनावरून त्याचा ठसा कोरला. अंगावर चिलखताचे पत्रे ठोकल्यासारखा. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपला गेंडा म्हणजे तोच वाटायचा.

साखळदंडाचं ते शाळेत सरांनी सांगितलं होतं. अजून मांडवीवर जहाज दिसलं की आठवतं.

---

सदाफुली | १५ मार्च

अरे बापरे. हे माहीत नव्हतं. साखळदंडाचं वाचून पोटात कालवलं.

---

आज्जी_थत्तेवाडा | १५ मार्च

शिंगाच्या हावेचं खापर आपण नेहमी चीन-व्हिएतनामवर फोडतो, म्हणून हे लिहिते. संस्कृतात गेंड्याला 'खड्ग' म्हणतात. धर्मशास्त्रात श्राद्धाला, तर्पणाला खड्गपात्र उत्तम सांगितलंय, म्हणजे गेंड्याच्या शिंगाचं पात्र. माझ्या आजेसासऱ्यांकडे असं एक पात्र होतं अशी घरात बोलवा होती. मी काही ते पाहिलं नाही. सासूबाई सांगायच्या, तांबड्या-काळ्या रंगाचं, बोटाने टिचकी मारली तर भांड्यासारखं वाजत नसे.

हे आपल्याही घरात होतं. बाकी चालू द्या, वाचतेय.

---

पशुवैद्य_सातारा | १६ मार्च

आज्जी, न वाजण्याचं कारण सांगतो. गेंड्याचं शिंग हाडाचं नसतं. गाई-म्हशीच्या शिंगात आत हाडाचा गाभा असतो, ह्याच्यात नसतो. सगळं केराटिन. आपली नखं, आपले केस ज्याचे बनतात तेच. औषध म्हणून शिंग उगाळून पिणारा माणूस नखं कुरतडून खाण्यापेक्षा वेगळं काही करत नाही.

अजून एक. भारतीय गेंडा भांडताना शिंगापेक्षा खालच्या जबड्यातले सुळ्यासारखे दात वापरतो. नरांच्या अंगावर लांब चिरे पडलेले दिसतात ते त्या दातांचे. म्हणजे ज्या अवयवापायी त्याला मारतात, त्याचा त्याला लढाईतही फारसा उपयोग नाही.

---

बंड्या_नागपूरकर | १६ मार्च

डॉक्टर, 'गेंड्याची कातडी' हा वाक्प्रचार तरी खरा आहे का? आमच्या वॉर्डातल्या पुढाऱ्यांसाठी विचारतोय.

---

पशुवैद्य_सातारा | १६ मार्च

बंड्या, गेंड्यावर अन्याय होतोय! कातडी जाड असते हे खरं, पण ती बधिर नसते. घड्यांच्या आत ती मऊ, गुलाबीसर असते. तिथे गोचिड्या धरतात, माश्या चावतात, उन्हाने जळजळ होते. म्हणून तर तो तासन्‌तास चिखलात नाहीतर पाण्यात बसून असतो.

आता रानवाट ह्यांच्या प्रश्नाकडे येतो. २०१७ च्या पुरानंतर मी दीड महिना काझीरंग्याजवळच्या वन्यजीव पुनर्वसन केंद्रात मदतीला होतो. त्या वर्षी पुरात काझीरंग्यात वीसहून जास्त गेंडे दगावले. आमच्याकडे एक पिल्लू आलं. दोन-अडीच महिन्यांचं असेल, माझ्या कमरेला लागेल न लागेल एवढं. आई वाहून गेली की मेली, कुणाला कळलं नाही. गावकऱ्यांनी केळीच्या खांबांच्या तराफ्यावर घालून काठाला आणलं होतं.

गेंड्याचं पिल्लू ओरडतं कसं हे ऐकल्याशिवाय खरं वाटत नाही. एवढं धूड, आणि आवाज कुत्र्याच्या पिलासारखा बारीक, चिरका. पहिले दोन दिवस ते दूध घेईना. बाटली तोंडापाशी नेली की डोकं फिरवायचं. मग तिथल्या एका जुन्या राखणदाराने पोत्याचा गडद पडदा टांगला, त्याला भोक पाडलं आणि पलीकडून बाटली दिली. त्याला माणूस दिसत नव्हता, नुसती काळोखी उबदार भिंत. पडद्याला अंग घासत ते दूध प्यायला लागलं. दूध संपलं तरी बुच्चं सोडेना.

अशी पिल्लं वाढवून पुढे आसामातल्याच मानसच्या जंगलात सोडतात. २००६ पासून हे चालू आहे, आणि त्यातल्या माद्यांना मानसमध्ये पिल्लंही झाली. म्हणून माझं उत्तर: एकेक जीव वाचवता येतो, आम्ही ते करतोही. पण पुरावर उतारा बाटलीत नाही.

---

सदाफुली | १६ मार्च

पोत्याच्या पडद्याचं वाचून डोळे भरून आले. त्या राखणदाराला नमस्कार सांगा.

---

कर्वेनगरची_कुंदा | १७ मार्च

माझा प्रश्न भाबडा वाटेल. दरवर्षी पूर येतो तर काझीरंग्याला मोठा बांध का घालत नाहीत?

---

चहामळा | १७ मार्च

कुंदाताई, प्रश्न भाबडा नाही. इथेही पुष्कळजण विचारतात. मी अकरा वर्षं जोरहाटला आहे, चहाच्या कामात. मूळचा सांगलीचा, त्यामुळे पूर म्हणजे काय ते दोन्हीकडचं माहीत आहे.

काझीरंगा ब्रह्मपुत्रेचाच मुलूख आहे. पुराचं पाणी येतं तेव्हा बिलांमध्ये, म्हणजे इथल्या तळ्यांमध्ये, साचलेली जलपर्णी वाहून जाते. नवा गाळ पसरतो. मासे येतात. पाणी ओसरलं की कोवळं गवत उगवतं, आणि गेंडा जगतो तो ह्या गवतावर. पूर आलाच नाही तर हळूहळू झुडपं माजतात, झाडं येतात आणि गवताळ जमिनीचं रान होतं. मग गेंड्याने खायचं काय? पूर बंद केला तर काझीरंगाच बंद होईल.

अडचण होते ती पाणी फार चढतं तेव्हा. जनावरं दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या डोंगरांकडे निघतात. हजारो वर्षांची सवय आहे त्यांची. आणि मधे आडवा येतो राष्ट्रीय महामार्ग. पलीकडे हॉटेलं, दुकानं, चहाचे मळे, आमचे मळेसुद्धा. हरणं गाड्यांखाली येतात. पुराच्या दिवसांत वनखातं वाहनांना वेळेची चिठ्ठी देतं: ह्या नाक्यावर अमुक वाजता शिरलात, त्या नाक्यावर अमुक वेळेच्या आधी पोहोचलात तर दंड. वेगमर्यादा ताशी चाळीस.

आत उंचवटे बांधलेत मातीचे. जनावरं पुरात त्यावर चढून उभी राहतात. काही प्रमाणात उपयोग होतो. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने ह्या रस्त्याचं काम मंजूर केलं. त्यात साडेचौतीस किलोमीटरच्या आसपास रस्ता खांबांवर उचलायचाय, म्हणजे जनावरं खालून जातील. तो झाला तर माझ्या मते गेंड्यासाठी गेल्या पन्नास वर्षांतलं मोठं काम ठरेल. बांधकामाची काही वर्षं कशी जातात ह्याची मात्र धास्ती आहे.

---

कर्वेनगरची_कुंदा | १७ मार्च

धन्यवाद दादा. पूर हवाही आणि नकोही. आता वाटाड्याच्या त्या 'पानी आने दो'चा अर्थ कळला.

---

चंद्रपुरी_मोहन | १८ मार्च

सगळे गेंड्याचं कौतुक करतायत, मलाही तो आवडतो. पण एक बाजू कुणीच मांडली नाही.

काझीरंग्यात शिकार कमी झाली ती बंदुकीच्या जोरावर. २०१० मध्ये आसाम सरकारने वनकर्मचाऱ्यांना गोळीबाराच्या प्रकरणांत कायद्याचं संरक्षण दिलं. त्यानंतर किती माणसं मारली गेली, त्यातले सगळे शिकारी होते का? २०१६ मध्ये वनरक्षकाच्या गोळीने एक सात वर्षांचा आदिवासी मुलगा पायाने कायमचा अधू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उद्यानालगतच्या वस्त्या हटवताना पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले.

मी ताडोब्याच्या बफरमधला, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यातला. जंगलाला लागून घर असणं म्हणजे काय ते शहरात बसून कळत नाही. संध्याकाळी सरपणाला गेलेली बाई परत येईपर्यंत घरात कुणी जेवत नाही. पर्यटक वाघ बघून रिसॉर्टवर जातो, आम्ही तिथेच असतो. गेंडा वाचला का हे विचारताना त्याच्या शेजारचा माणूस वाचला का हेही विचारा.

---

रणजित_एक्स_फौजी | १८ मार्च

मोहनराव, तुमच्या भावना समजतात. पण शिकारी तिथे एके-४७ घेऊन येतात, लाठी घेऊन नाही. २०१३ आणि २०१४ मध्ये आसामात वर्षाला पंचवीसहून जास्त गेंडे मारले गेले. रात्री, गुडघाभर पाण्यात, हत्तीएवढ्या उंच गवतात, समोर कोण आहे ते दिसत नाही अशा वेळी गार्डने काय करायचं? आणि २०२२ मध्ये संपूर्ण आसामात शिकारीत एकही गेंडा गेला नाही. कित्येक दशकांत पहिल्यांदा. ह्याचं श्रेय त्या माणसांना द्यायला नको?

---

चंद्रपुरी_मोहन | १८ मार्च

श्रेय देतोच. पण सात वर्षांचं पोर एके-४७ घेऊन आलं नव्हतं.

---

चहामळा | १९ मार्च

दोघांचंही खरं आहे, आणि मी दोन्ही माणसांबरोबर बसून चहा प्यायलोय.

इथले गार्ड म्हणजे कोण? बहुतेक आसपासच्याच गावांतले. दोनशेच्या वर कॅम्प आहेत आत. लाकडाच्या नाहीतर सिमेंटच्या खांबांवर उभी केलेली खोली. एकदा परवानगीने एका कॅम्पवर गेलो होतो. शिडीच्या तोंडाशी रबरी बुटांचे तीन जोड उलटे वाळत ठेवलेले. आत चार खाटा, एक स्टोव्ह, बटाट्याचं पोतं, वायरलेस संच, कोपऱ्यात जुन्या रायफली. भिंतीवर खडूने तारखांच्या उभ्या रेघा. मी विचारलं ह्या कसल्या? एकजण म्हणाला, घरी जाऊन आल्यापासूनचे दिवस. सव्वीस रेघा होत्या. त्याचं घर तिथून चौदा किलोमीटरवर.

आणि शिकारी? बंदूक चालवणारा बाहेरचा, पण त्याला वाट दाखवणारा बहुतेक गावातलाच कुणीतरी. हंगामभराच्या मजुरीपेक्षा जास्त पैसे एका रात्रीत. त्यालाच वाटाड्याचं, जिप्सीचं, होमस्टेचं काम मिळालं तर तोच रखवालदार होतो. झालेलं पाहिलंय. पण पर्यटनाचा पैसा रस्त्यालगतच्या गावांत जिरतो. उत्तरेकडे, नदीपलीकडच्या चरांवर, म्हणजे वाळूच्या बेटांवर, तो पोहोचतच नाही.

मोहन म्हणतात त्या मुलाबद्दल इथेही लोक खालच्या आवाजात बोलतात. गार्डसुद्धा. कुणाला त्याचा अभिमान नाही.

---

रणजित_एक्स_फौजी | १९ मार्च

रेघांचं वाचलं. आम्हीही मारायचो अशा रेघा. मोहनराव, त्या मुलाबाबत तुम्ही बरोबर आहात. माझा सूर चढला होता.

---

जोबर्गकर | २० मार्च

दक्षिण आफ्रिकेतून. इथला अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लिहितो.

पांढरा गेंडा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे शंभराच्याही आत आला होता, सगळे आजच्या ह्लुह्लुवे-इम्फोलोझी भागात. तिथून तो पुन्हा हजारोंवर गेला. कसा? १९६० च्या दशकापासून इथल्या लोकांनी तिथले गेंडे उचलून दुसरीकडे नेले. दुसऱ्या उद्यानांत, खासगी रानांत, परदेशात. एका ठिकाणी ठेवले नाहीत. रानवाटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं.

पण नंतर शिकार उसळली. २०१४ मध्ये एका वर्षात १२१५ गेंडे मारले गेले. २०२४ चा आकडा ४२०. कमी झाला, तरी रोज एकाहून जास्त. म्हणजे पसरवणं पुरत नाही, राखणही तितकीच हवी.

आता इथे शिंगं कापतात. गुंगीचं औषध देऊन, वीसेक मिनिटांत, बुंधा ठेवून. नखासारखं असल्याने परत वाढतं, म्हणून दर दीड-दोन वर्षांनी पुन्हा. इथल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासच्या राखीव क्षेत्रांत ह्यामुळे शिकार ७८ टक्क्यांनी घटल्याचं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. मी एकदा एका गेंड्याचं शिंग कापताना लांबून पाहिलं. डोळ्यांवर फडकं, कानांत बोळे, करवतीचा आवाज आणि पांढरा भुसा उडतोय. जळक्या केसांचा वास येतो.

---

हिशेबनीस | २० मार्च

काझीरंग्यात हे करता येईल का?

---

पशुवैद्य_सातारा | २० मार्च

माझ्या मते नाही. आफ्रिकेत मोकळं माळरान आहे, हेलिकॉप्टरमधून गुंगीचा डार्ट मारता येतो. काझीरंग्यात उंच गवत, दलदल, तळी. गुंगीत गेलेला गेंडा तोंडावर पाण्यात पडला तर मिनिटांत जातो. दोन हजारांवर जनावरांना दर दोन वर्षांनी ह्यातून काढायचं, विचारच करवत नाही.

---

विलास_दादरकर | २१ मार्च

सरकारने २०२१ मध्ये अडीच हजार शिंगं जाळून टाकली ती कशाला? विकून तो पैसा गार्डांना आणि गावांना दिला असता तर? राग मानू नका, खरंच विचारतोय.

---

चहामळा | २१ मार्च

२२ सप्टेंबर २०२१, जागतिक गेंडा दिनी, काझीरंग्याजवळ बोकाखातला २४७९ शिंगं जाळली. मी गर्दीत होतो. ही शिंगं जप्त केलेली आणि मेलेल्या गेंड्यांची, कित्येक दशकांपासून सरकारी तिजोऱ्यांत पडलेली. एकेक तपासून, मोजून, नमुने घेऊन मग भट्टीत. ९४ संग्रहासाठी राखली, काही न्यायालयीन खटल्यांसाठी.

विकायची कुणाला? आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. आणि सरकारच विकू लागलं तर शिंगात खरंच काही गुण असला पाहिजे असं सगळ्यांना वाटेल. त्यात चोरीचा माल मिसळायला कितीसा वेळ? माझ्या शेजारी एक म्हातारे आसामी गृहस्थ उभे होते. धूर निघाला तेव्हा त्यांनी हात जोडले. बराच वेळ जोडलेलेच होते.

---

जोबर्गकर | २१ मार्च

विलासराव, इथे एकाने हे करून पाहिलं. दोन हजारांच्या आसपास पांढरे गेंडे फार्मवर पाळले, शिंगं कापून साठवली, पुढे-मागे आंतरराष्ट्रीय व्यापार खुला होईल ह्या आशेवर. तो झाला नाही. पैसे संपले. २०२३ मध्ये लिलाव ठेवला तर एकही बोली आली नाही. शेवटी आफ्रिकन पार्क्स ह्या संस्थेने ते गेंडे घेतले आणि आता टप्प्याटप्प्याने खुल्या रानांत सोडतायत.

---

विलास_दादरकर | २१ मार्च

पटलं. धन्यवाद दोघांनाही.

---

रानवाट | २३ मार्च

केवढं काय काय आलं! सगळं दोनदा वाचलं. थोडी भर घालते.

एकाच जागी असण्याचा धोका पुस्तकी नाही. मानसमध्ये शंभराच्या आसपास गेंडे होते. नव्वदच्या दशकातल्या अशांत काळात रखवाली कोलमडली आणि एकही उरला नाही. १९८३ मध्ये, आसाम आंदोलनाच्या काळात, तिथल्याच लावखोवा अभयारण्यातले असेच संपले. चांगल्या रानातून गेंडा नाहीसा व्हायला दहा वर्षंही लागत नाहीत.

आणि रोग. २०२० च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या जलदापाड्यात काही दिवसांत पाच गेंडे गेले, अँथ्रॅक्सचा संशय होता. असं काही काझीरंग्यात पसरलं तर?

पण मानसमध्ये २००८ पासून पोबितोरा ह्या आसामातल्या छोट्या अभयारण्यातून आणि काझीरंग्यातून गेंडे नेले, काही शिकाऱ्यांनी मारले, तरी नेट सोडला नाही आणि २०२२ मध्ये तिथे चाळीस भरले. उत्तर प्रदेशात दुधव्याला तर १९८४ मध्येच आसाममधून आणि पुढच्या वर्षी नेपाळमधून आणले, ते आजही आहेत. नेपाळात २०२१ ला ७५२. जोबर्गकर म्हणतात तसं पसरवणं इथेही चालू आहे, फक्त फार धीम्या गतीने.

मला आता वाटतं, गेंडा मरणाच्या दारातून परत आलाय, घरात अजून आलेला नाही. त्याला दुसरी, तिसरी, चौथी घरं हवीत. पोबितोऱ्याला जेमतेम सोळा चौरस किलोमीटर चराईत शंभरावर गेंडे आहेत, रात्री शेतात शिरतात. तिथली माणसं ते सोसतात. मोहन, तुमचा मुद्दा मी धागा काढताना विचारातच घेतला नव्हता. आता तो सुटत नाही.

---

चंद्रपुरी_मोहन | २३ मार्च

आभार ताई. एकदा चंद्रपूरला या. वाघ दिसेल न दिसेल, जेवायला आमच्याकडे.

---

बंड्या_नागपूरकर | २३ मार्च

मोहनभाऊ, आम्हालाही बोलवा. शेपटाचा निकाल लावायचाय.

---

आज्जी_थत्तेवाडा | २ एप्रिल

धागा मागे गेला होता, वर आणते. नातवाला सगळं वाचून दाखवलं. तो विचारतो, पोत्याच्या पडद्यातून दूध पिणारं पिल्लू आता कुठे आहे? डॉक्टर, सांगाल का?

---

पशुवैद्य_सातारा | ३ एप्रिल

आज्जी, मी निघालो तेव्हा ते रोज सकाळी कुंपणाशी येऊन उभं राहायचं आणि पडद्याचं पोतं ओढायचं. पुढे मोठ्या कुंपणात गेलं, माणसांपासून लांब. तसंच करतात, माणसाची सवय मोडावी म्हणून. त्यानंतरचं मी मुद्दामच विचारलं नाही. नातवाला सांगा, त्याला पोत्याची गरज उरली नाही.

---

चहामळा | ९ जुलै

ह्याच धाग्यावर लिहितो, नवा काढत नाही.

तीन दिवस वरच्या अंगाला पाऊस आहे. ब्रह्मपुत्रा चढलीय. कालपासून वेळेच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या. काल रात्री मी गुवाहाटीहून परत येत होतो. बागोरीच्या अलीकडे वनखात्याच्या माणसाने लाल कंदील हलवून गाड्या थांबवल्या. "बत्ती बंद, हॉर्न नहीं." सात-आठ ट्रक, दोन बसगाड्या, आम्ही. सगळ्यांनी दिवे मालवले.

आधी काहीच दिसेना. बेडकांचा आवाज आणि पाणी. मग डाव्या अंगाने बांधावर एक मादी चढली. पोटापर्यंत ओली, अंगावरून पाणी निथळतंय. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, कान फिरवत. मागून पिल्लू. त्याला बांध चढवेना, दोनदा घसरलं. ती परत खाली उतरली आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा ते वर आलं.

आम्ही वीस-पंचवीस मिनिटं अंधारात होतो. माझ्या मागच्या बसमध्ये एक तान्हं मूल रडायला लागलं, त्याच्या आईने त्याला पदराखाली घेतलं. कुणीही गाडी सुरू केली नाही. मादी रस्त्यावर आली, मधोमध थांबली, नाक वर करून वास घेतला आणि पिल्लाला घेऊन डोंगराच्या बाजूला उतरली.

ह्या आठवड्यात इकडून कुणी जाणार असेल तर चाळीसच्या वर जाऊ नका. पाणी अजून चढतंय.